सुई आपापली, पाणी मात्र एकच: सुईने नशा करणाऱ्यांमधला एचआयव्ही (ठाणे-नवी मुंबई)

खाडीकाठ (धागाकर्ता)

"सुईने एड्स होतो" हे वाक्य आता सगळ्यांना पाठ आहे. सुईने नशा करणाऱ्यांना तर जास्तच. तरीही नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) २०२१ च्या सर्वेक्षणात या गटात एचआयव्हीचं प्रमाण ९.०३ टक्के निघालं. २०१७ च्या फेरीत ते ६.२६ टक्के होतं. देशातल्या सगळ्या प्रौढांमध्ये हेच प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. हे आकडे ठरावीक केंद्रांवरच्या नमुन्यांतून काढतात, त्यामुळे दोन फेऱ्या शेजारी ठेवून लगेच "वाढलं" म्हणू नये. पण तीस-चाळीसपट फरक कुठल्याही फेरीत झाकत नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ च्या पाहणीत देशात असे सुमारे ८.५ लाख लोक असल्याचा अंदाज आला, आणि जिथे ही संख्या मोठी आहे त्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्र आहे. हा प्रश्न फक्त मणिपूर-पंजाबचा नाही.

माहिती आहे, तरी लागण होते. का, हे कळायला टोचण्याआधीची पाच मिनिटं बघावी लागतात.

गर्दची (ब्राऊन शुगर, म्हणजे हेरॉइनची) पुडी बहुतेक वेळा दोघा-तिघांत वर्गणी काढून घेतलेली असते. कोरडी पावडर सारखी वाटता येत नाही, म्हणून ती एकाच झाकणात विरघळवून सिरिंजवरच्या रेघा मोजून वाटणी होते. प्रत्येकाची सुई वेगळी, पण पाणी एक, झाकण एक, गाळायचा कापूस एक. त्यातल्या एकाची सिरिंज आधी वापरलेली असली की तिच्यातलं उरलेलं रक्त झाकणात उतरतं आणि तिथून सगळ्यांकडे जातं. वरून बघणाऱ्याला रक्ताचा टिपूसही दिसत नाही. "दुसऱ्याची सुई वापरतोस का?" असं विचारलं तर तो "नाही" म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. फॉर्मवर "शेअरिंग: नाही" अशी नोंद होते आणि समुपदेशन तिथेच संपतं.

म्हणून फील्डवर काम करणाऱ्यांना हात जोडून विनंती: एक प्रश्न विचारू नका, चार विचारा. शेवटच्या वेळी पाणी कुणाचं होतं? झाकण कुणाचं? कापूस नवा होता की आधीचाच पिळला? माल एका सिरिंजमधून दुसऱ्या सिरिंजमध्ये भरला का? चारांपैकी एकालाही "एकच होतं" असं उत्तर आलं, तर धोका आहे असंच धरा.

आता सिरिंजबद्दल. दट्ट्या पूर्ण दाबला तरी टोकाशी थोडा द्रव उरतोच. सुई वेगळी बसवायच्या साध्या सिरिंजमध्ये हा उरलेला भाग ८० मायक्रोलिटरच्या आसपास असतो. सुई कायमची जोडलेल्या इन्सुलिन सिरिंजमध्ये जेमतेम २. म्हणजे पहिल्या सिरिंजमध्ये चाळीसपट रक्त मागे राहतं. प्रयोगशाळेत थंड तापमानाला ठेवलेल्या सिरिंजमध्ये एचआयव्ही ४२ दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे. आपल्याकडच्या उकाड्यात तो त्याहून खूप लवकर मरतो, पण "काल वापरली होती, आज चालेल" या हिशोबाला त्यातून काहीच आधार मिळत नाही. हिपॅटायटिस सीचा विषाणू याहून चिवट. जास्त द्रव मागे उरणाऱ्या सिरिंजमध्ये तो ६३ दिवसांपर्यंत टिकलेला आढळला आहे.

दुसरी अडचण वेळेची. टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, लागलेल्या माणसाचं अंग मोडतं, जुलाब होतात, नाक-डोळे गळतात. रात्री अकराला त्याच्या हातात माल आहे आणि सुई नाही. त्या क्षणी त्याला सगळं माहीत असतं आणि तरी तो शेजाऱ्याची उचलतो. पोस्टर तिथे कामाचं नाही. खिशात आधीपासून असलेली दुसरी सुई कामाची. म्हणून स्वच्छ सुयांचं वाटप "जुनी एक द्या, नवी एक घ्या" असं काटेकोर ठेवलं की ते अपुरं पडतं. दिवसाला तीनदा टोचणाऱ्याला आठवड्याला २१ सुया लागतात, वर दोन-चार शीर न सापडल्यामुळे वाया जातात. त्याच्या हातात ७ टेकवल्या तर उरलेल्या वेळी तो काय करणार, हे सांगायला नको.

---

संपादक मंडळ

धागा चालू राहील. एकच अट: कुठल्या पुलाखाली, कुठल्या रुळांशेजारी लोक बसतात ते इथे लिहू नये. ठिकाण जाहीर झालं की कारवाई होते, लोक पांगतात आणि सुया पोहोचवणाऱ्यांना ते महिनाभर सापडत नाहीत. अशी दोन वाक्यं काढून टाकली आहेत.

---

काउंटरमागून

मेडिकल दुकानाच्या बाजूने लिहितो. डिस्पोजेबल सिरिंज विकायला चिठ्ठी लागत नाही. तरी "कशाला पाहिजे?" असं विचारून परत पाठवणारी दुकानं भरपूर आहेत. पाच-दहा रुपयांची वस्तू नाकारून नशा थांबत नाही, तो फक्त जुनीच सुई पुन्हा वापरतो. जुनी सुई बोथट होते, शीर फाटते, गळू होतं.

इन्सुलिन सिरिंज १ मिलीची येते. लाल टोपी यू-४०, नारिंगी यू-१००. हा फरक मधुमेहींसाठी जीवघेणा आहे, इथे दोन्ही चालतात. मात्र गोळ्या चुरून टोचणारे ती घेत नाहीत, कारण गोळीतला खडू-पिष्टाचा भाग विरघळायला जास्त पाणी लागतं आणि १ मिली पुरत नाही. ते २ किंवा ५ मिलीची मागतात. म्हणजे ज्यांच्या शिरा आधीच जास्त खराब, त्यांच्याकडेच जास्त रक्त धरून ठेवणारी सिरिंज. वाटप करणाऱ्यांनी सरसकट एकच माप ठेवू नये. १ मिलीची ठेवलीत आणि मागणी २ ची असेल, तर पेटी भरलेली राहील आणि लोक जुन्याच वापरतील.

स्पिरिटचा बोळा टोचण्याआधी. नंतर कोरडा कापूस दाबून धरायचा, कारण स्पिरिटने रक्त थांबायला वेळ लागतो. हे उलटं करणारे खूप.

---

निर्मळवाट

व्यसनमुक्ती केंद्रांच्या कामाचा अनुभव असलेली व्यक्ती म्हणून माझा आक्षेप नोंदवते. सुया वाटून आपण माणसाला त्याच खड्ड्यात नीट बसायला चटई देतो आहोत. तीच ताकद डिटॉक्सवर (नशा उतरवायच्या उपचारांवर) लावली तर सुईच लागणार नाही. पालक आमच्याकडे येतात तेव्हा त्यांना "स्वच्छ सुई वापरा" असं सांगायचं का?

---

खाडीकाठ

@निर्मळवाट, पालकांची तगमग खरी आहे आणि डिटॉक्सला विरोध नाही. पण दहा-पंधरा दिवसांच्या डिटॉक्सनंतर पुढे काहीच आधार नसेल, तर अफूजन्य नशेत बहुतेक जण परत वळतात. आणि परत वळतात तेव्हा शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीच्याच मापाने घेतलं की श्वास थांबतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात घातक असतात ते यामुळेच.

सुया न देण्याचा प्रयोग जगाने करून पाहिलाय. १९८० च्या दशकात एडिंबरामध्ये पोलिसांनी सिरिंज मिळणं अवघड केलं. तिथल्या एका दवाखान्यात तपासलेल्या सुईने नशा करणाऱ्यांपैकी निम्म्यांना लागण निघाली. शेजारच्या ग्लासगोत प्रमाण त्याच्या कितीतरी खाली राहिलं. अमेरिकेतल्या इंडियानात स्कॉट काउंटी हा जेमतेम २४ हजार वस्तीचा ग्रामीण भाग. तिथे २०१५ मध्ये वेदनाशामक गोळ्या टोचणाऱ्यांत वर्षभरात १८० हून अधिक जणांना एचआयव्ही निघाला. तोपर्यंत त्या राज्यात सुयांचं वाटप कायद्याने बंद होतं. आणि आपल्याच मणिपुरात १९८९-९० मध्ये काही महिन्यांत या गटातलं प्रमाण शून्यावरून निम्म्यावर गेलं. विषाणू एकदा अशा जाळ्यात शिरला की डिटॉक्सची रांग पुढे सरकेपर्यंत तो थांबत नाही.

---

जिभेखाली

डिटॉक्स आणि सुया यांच्यामध्ये तिसरी गोष्ट आहे, तिच्याबद्दल पालकांना कुणी सांगत नाही: ओएसटी, म्हणजे अफूजन्य नशेच्या जागी डॉक्टरी औषध. सरकारी केंद्रावर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी फुकट मिळते. कर्मचाऱ्यांसमोर रोज एकदा जिभेखाली ठेवायची. टर्की येत नाही, सुईची गरज पडत नाही, माणूस कामाला जाऊ शकतो.

जिथे गोंधळ होतो त्या जागा सांगतो.

पहिला दिवस. शेवटची गर्द घेऊन ८ ते १२ तास झालेले असावेत आणि टर्कीची लक्षणं दिसायला लागलेली असावीत. जांभया, काटा, मोठ्या झालेल्या बाहुल्या, वाहणारं नाक. माणूस "मी सकाळपासून काही घेतलं नाही" असं खोटं सांगून आला आणि गोळी दिली, तर ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या जागांवरून गर्दला ढकलून देतं आणि अर्ध्या-पाऊण तासात भयंकर टर्की उसळते. तो उठून जातो आणि बाहेर सगळ्यांना सांगतो की ही गोळी विष आहे. एका घाईच्या पहिल्या डोसने केंद्राचं नाव सहा महिन्यांसाठी खराब होतं. म्हणून तपासणाऱ्याने घड्याळापेक्षा लक्षणांवर जास्त विश्वास ठेवावा.

डोस. सुरुवात २ ते ४ मिलिग्रॅम, दोन तास थांबवून बघायचं, मग वाढवायचं. बहुतेकांना रोज ६ ते ८ किंवा त्याहून जास्त लागतं. भीतीपोटी २-४ वरच अडकवून ठेवलं तर तो संध्याकाळी टोचतोच, आणि मग "ओएसटीचा उपयोग नाही" असा शेरा बसतो.

गोळी चुरून देतात ती तोंडात लपवून बाहेर नेऊ नये म्हणून. पाच-दहा मिनिटं जिभेखाली ठेवायची, त्या वेळात पाणी, तंबाखू, बोलणं काही नाही. गिळली तर पोटातून फारच थोडं औषध रक्तात पोहोचतं. तोंडात आधीच तंबाखूची चिमूट असलेल्याला चूळ भरायला लावा.

किती दिवस? निदान वर्षभर, अनेकांना त्याहून बरंच जास्त. घरचे तीन महिन्यांत "आता ही गोळीही सोड" म्हणून मागे लागतात आणि सगळं मातीत जातं. त्यांना रक्तदाबाच्या गोळीचं उदाहरण द्या, लगेच कळतं.

---

घणसोली_घाट

+१. जोडीला एक इशारा: आपल्या पट्ट्यात एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे उत्तेजक, खूप आहे. बरेच जण ते नाकाने ओढतात, पण टोचणारेही आहेत. एमडीवर ओएसटी चालत नाही, ती फक्त अफूजन्य नशेसाठी. शिवाय एमडीचा अंमल लवकर उतरतो, त्यामुळे एकाच रात्रीत पुन्हा पुन्हा टोचलं जातं. सुयांचा हिशोब दिवसावर न करता बैठकीवर करा. अशा बैठकांना लैंगिक संबंधांची जोड असेल तर कंडोम आणि वंगण त्याच पाकिटात द्या. ही माणसं नाक्यावरची नसतात, फ्लॅटमध्ये असतात आणि "आयडीयू" (सुईने नशा करणारा) हा शब्द स्वतःला लावूनच घेत नाहीत. त्यांना विचारताना "सुईने काही घेतलंय का कधी?" एवढंच विचारावं.

---

नमुना_नलिका

चाचणीबद्दल.

बोट टोचून केलेली झटपट चाचणी ही फक्त प्राथमिक. ती रिअॅक्टिव्ह आली तर आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात) वेगवेगळ्या तीन किटवर खात्री करतात. तोवर "पॉझिटिव्ह" हा शब्द तोंडातून काढू नये.

निगेटिव्ह आली तर शेवटचा धोका कधी झाला ते विचारा. लागण होऊनही चाचणीत न दिसण्याचा काळ असतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा. टोचणं चालू असेल तर दर सहा महिन्यांनी.

खरी अडचण शीर. वर्षानुवर्षं टोचलेल्याच्या कोपराकडच्या शिरा दोरीसारख्या कडक झालेल्या असतात. चार ठिकाणी खुपसून "याचं रक्तच येत नाही" म्हणून हाकललेला माणूस परत येत नाही. त्याला आधी दोन ग्लास पाणी पाजा, हात कोमट पाण्यात धरायला लावा, आणि कुठली शीर चालते हे त्यालाच विचारा. त्याच्याइतकं ते कुणालाच माहीत नसतं. बारीक बटरफ्लाय सुई वापरा.

त्याच नमुन्यात हिपॅटायटिस बी आणि सी करून घ्या. सीची अँटीबॉडी चाचणी एकदा पॉझिटिव्ह आली की बरं झाल्यावरही तशीच राहते. आजार आत्ता आहे का हे आरएनए चाचणी सांगते. असेल तर २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात उपचार मोफत आहेत: सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, बहुतेकांना १२ आठवडे. बरं झाल्यावर पुन्हा लागण होऊ शकते, हे मात्र आधीच बजावा. बी निगेटिव्ह असेल तर लस. नेहमीचं वेळापत्रक ०, १, ६ महिने. माणूस सहा महिने सापडेल याची खात्री नसेल तर ०, ७, २१ दिवस आणि वर्षाने चौथा डोस, असंही देता येतं.

---

गोळी_वेळेवर

पॉझिटिव्ह निघाल्यावर "आधी नशा सोड, मग एआरटी (एचआयव्हीची औषधं)" असं अजूनही काही ठिकाणी ऐकवलं जातं. हे चूक आहे. २०१७ पासून धोरण असं आहे की सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारपेशी) कितीही असो, प्रत्येकाला उपचार. टीएलडीची रोज एक गोळी: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर. ब्युप्रेनॉर्फिनशी तिचं भांडण नाही. ओएसटीला रोज यायचंच असतं, तर एआरटीची गोळी तिथेच घ्यायची सवय लावा. दोन्ही टिकतात.

भांडण आहे ते टीबीच्या रिफॅम्पिसिनचं. ते डोल्युटेग्राविर लवकर उतरवतं, म्हणून १२ तासांनी त्याची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी द्यावी लागते. तेच औषध ब्युप्रेनॉर्फिनही उतरवू शकतं. टीबीचे उपचार सुरू झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ओएसटीवरचा माणूस "गोळी पुरत नाही" म्हणायला लागला तर तो नखरे करत नाहीये. डोस तपासा. टीबीचं कार्ड, एआरटीचं कार्ड आणि ओएसटीचं कार्ड तीन वेगळ्या खिडक्यांवर असतं, म्हणून हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

---

कलम_बावीस

कायद्याबाबत थोडक्यात. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २२ नुसार धोका कमी करण्यासाठी सुया-सिरिंज देणे किंवा ओएसटी चालवणे हा गुन्हा होत नाही. आउटरीच कार्यकर्त्याने संस्थेचे ओळखपत्र आणि या कलमाची मराठी प्रत सोबत ठेवावी. नवीन पोलीस निरीक्षक आले की प्रकल्पाने स्वतः जाऊन भेटावे, पकडापकडी होईपर्यंत थांबू नये. संमतीशिवाय चाचणी करणे आणि निकाल इतरांना सांगणे यालाही हा कायदा मनाई करतो.

एनडीपीएस (अमली पदार्थांविषयीच्या) कायद्याचे कलम ६४अ फारसे कुणाला ठाऊक नसते. नशेचे सेवन किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण जाऊ शकते. वकिलाला हे कलम नाव घेऊन विचारावे.

---

सोसायटी_सचिव

मैदानाच्या कुंपणाशी सुया सापडतात. सफाई कामगार नुसत्या हाताने उचलतात. नेमकं काय करायला सांगू?

---

नमुना_नलिका

@सोसायटी_सचिव, सुईला टोपण घालायला जाऊ नये, बरेच अपघात तिथेच होतात. डबा हातात न धरता जमिनीवर ठेवायचा. जाड प्लास्टिकचा हवा, फिनाईलचा रिकामा कॅन चालतो. सुई चिमट्याने मागच्या बाजूने धरून टोक खाली करून आत टाकायची. पाऊण भरला की झाकण लावून चिकटपट्टी. ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही: वापरलेल्या सुया घातक कचऱ्यात मोडतात. प्रभाग कार्यालयात विचारून वेगळ्या द्याव्यात.

टोचलीच तर साबण आणि वाहतं पाणी. पिळायचं नाही, तोंडात बोट घालायचं नाही, ब्लीच ओतायचं नाही. लगेच सरकारी किंवा पालिका रुग्णालयाच्या अपघात विभागात. रस्त्यावर पडलेल्या सुईतून एचआयव्ही होण्याची शक्यता फार कमी असते, पण तो निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या. प्रतिबंधक औषध ठरलं तर शक्यतो २ तासांत सुरू करायचं, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि २८ दिवस पूर्ण घ्यायचं. हिपॅटायटिस बीची भीती जास्त खरी आहे. कामगारांना ती लस आधीच देऊन ठेवा.

---

निर्मळवाट

@जिभेखाली, पहिल्या डोसची माहिती आमच्याकडे कुणालाच नव्हती. पालकांना ओएसटीचा पत्ता कुठे सांगायचा? आणि सुटून गेलेला मुलगा बेशुद्ध सापडला तर घरच्यांनी काय करायचं?

---

जिभेखाली

@निर्मळवाट, नाकोची हेल्पलाइन १०९७, व्यसनमुक्तीची १४४४६, दोन्ही मोफत. नाहीतर जिल्हा रुग्णालयातलं एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक, म्हणजे डापकू. नवी मुंबईत एक घोळ होतो: दिघा ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. खारघरच्या माणसाला ठाण्याला पाठवून त्याची फेरी फुकट घालवू नका.

बेशुद्ध सापडला तर: हाक मारा, छातीचं हाड चोळा. ओठ निळे, श्वास मिनिटाला चार-सहा, घोरल्यासारखा आवाज, तर १०८ लावा आणि तोंडाने श्वास द्यायला लागा. श्वास नीट असेल तर कुशीवर वळवून ठेवा. मीठ-पाण्याचं इंजेक्शन, थंड पाणी, चपराक, यातलं काही नाही, त्यात वेळ जातो. रुग्णालयात नॅलोक्सोन ०.४ मिलिग्रॅम स्नायूत देतात, दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर पुन्हा. त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत उतरतो आणि गर्दचा अंमल मागे उरलेला असू शकतो. तो शुद्धीवर येऊन "मी ठीक आहे" म्हणत उठून जायला लागतो, तेव्हा घरच्यांनी त्याला निदान दोन-तीन तास रुग्णालयातच थांबवावं.

---

काउंटरमागून

बायकांचा उल्लेख धाग्यात राहिलाच. स्वतः टोचणाऱ्या स्त्रियांना बहुधा दुसरा पुरुष टोचून देतो, आधी स्वतःला आणि मग तिला, त्याच सुईने. आणि न टोचणाऱ्या पत्नींची चाचणी गरोदरपणातच होते, तोवर कुणी विचारत नाही. नवऱ्याची चाचणी होते त्याच आठवड्यात, त्याची संमती घेऊन, तिलाही बोलवावं, आणि शक्यतो दुसऱ्या केंद्रावर, म्हणजे रांगेत तिला कुणी ओळखणार नाही.

---

खाडीकाठ

@काउंटरमागून, बरोबर. चार प्रश्नांत पाचवा धरतो: "तुला टोचून कोण देतं, आणि त्याने आधी कुणाला टोचलं होतं?"